फोटोत चेहरा ताठरतो? लेन्स बदलण्याआधी काय काय तपासायचं

एरवी गप्पांत रंगलेला माणूस कॅमेरा वर आला की पासपोर्टच्या फोटोतला होतो. तक्रार जुनीच आहे, आणि तिच्यावरचा सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे ८५ एमएमची नवी लेन्स घेणं. त्याने पार्श्वभूमी छान धूसर होते. समोरचा माणूस तितकाच ताठ राहतो, फक्त आता जास्त शार्प दिसतो.

हा दोष पुन्हा पुन्हा येतो आणि बहुतेक वेळा एकाच जागी सापडतो: समोरच्याला ताटकळत ठेवलेलं असतं आणि काय करायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून खालची तपासणी फुकटच्या गोष्टींपासून सुरू होते. खर्चाच्या गोष्टी शेवटी आहेत, आणि निम्म्याहून अधिक वाचकांना तिथवर जायची गरज पडू नये.

लक्षणं

कार्डवरचे फोटो कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर न बघता संगणकावर मोठे करून बघा आणि यांपैकी नेमकं काय दिसतंय ते ठरवा.

– ओठ हसतायत, डोळे कोरे. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्याला एक सुरकुती नाही, गाल वर सरकलेले नाहीत.
– खांदे कानांजवळ, मान आखूड, हनुवटी आत ओढलेली. सडपातळ माणसालाही दुहेरी हनुवटी.
– हात शाळेच्या प्रार्थनेला उभं असल्यासारखे, किंवा मुठी आवळलेल्या.
– डोळे अर्धे मिटलेले, तेही एकाच माणसाचे, जवळजवळ प्रत्येक फ्लॅशला.
– पहिल्या फ्रेमला हसू खरं, तिसरीपर्यंत विझलेलं.
– नाक मोठं, कान मागे गेलेले, चेहरा लांबट.
– सगळं जागच्या जागी, पण ज्यांचा फोटो आहे त्या म्हणतात, "ही मी वाटतच नाही."

आधी मधल्या फ्रेम बघा

"हं, तयार?" म्हणण्याआधी चुकून दाबलेलं बटण, "झालं" म्हटल्यानंतरचा क्लिक, पदर सावरताना आलेला फोटो. या वाया गेलेल्या फ्रेम डिलीट करू नका, दोषाचं निदान त्यांच्यातच असतं. त्या जिवंत असतील आणि ठरवून काढलेल्या मेलेल्या असतील, तर दोष सूचनांमध्ये आहे. त्याही मरगळलेल्या असतील तर माणूस थकलाय, उकडतंय, भूक लागलीय किंवा उन्हाने डोळे दिपतायत. त्या जिवंत पण हललेल्या, किंवा फोकस कानावर गेलेला असेल, तर कॅमेऱ्याची सेटिंग बघायची. एवढ्या एका वर्गीकरणाने पुढची अर्धी तपासणी वाचते.

तपासणी १: तुमच्या तोंडातून काय बाहेर पडतंय

खर्च शून्य, आणि सर्वाधिक बिघाड इथेच. "हसा", "नॅचरल राहा", "रिलॅक्स" या तिन्ही सूचना बंद करा.

"हसा" का चालत नाही, याचं कारण स्नायूंत आहे. फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन केलेला अभ्यास १८६२ साली प्रसिद्ध केला. ओठांची टोकं वर ओढणारा स्नायू हुकमावर हलतो. डोळ्याभोवतीचा स्नायू, जो गाल उचलतो आणि कोपऱ्यात सुरकुत्या पाडतो, तो अनेकांना सांगितल्याबरोबर नीट आवळता येत नाही. तो खऱ्या आनंदासोबत आपोआप येतो. म्हणजे तुम्ही "हसा" म्हणता तेव्हा अर्धंच हसू मागताय, आणि अर्धंच मिळतं. "चीज" म्हणायला लावल्यावर तर "ई"मुळे ओठ फक्त आडवे ताणले जातात.

"नॅचरल राहा" हे त्याहून वाईट. तुम्ही आत्ता नॅचरल नाही, असा त्याचा अर्थ होतो, आणि ते कसं व्हायचं हे सांगितलेलं नसतं.

त्याऐवजी प्रश्न विचारा, आणि असा की "हो" किंवा "नाही"वर सुटका होणार नाही. मराठी माणसाला उघडणारी किल्ली सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कॅमेरा हातात आला की ती विसरायला होते:

"आजी, गाव कुठलं तुमचं?"

"माहेर सांगू का सासर?"

"दोन्ही सांगा."

इथे आजींच्या कपाळावरची आठी सुटते. पण बटण दाबायची वेळ अजून आलेली नाही. माणूस बोलत असताना तोंड विचित्र आकारांत अडकतं. "प", "ब", "म" म्हणताना ओठ मिटतात, "ओ", "ऊ" म्हणताना चंबू होतो. चांगली फ्रेम वाक्य संपल्यावर लगेच येते. ओठ मिटतायत, मनात अजून तेच चाललंय आणि नजर उत्तर कसं वाटलं ते बघायला तुमच्याकडे वळतेय. ही वेळ अर्ध्या सेकंदाची असते. म्हणून प्रश्न विचारताना बोटाने बटण अर्धं दाबलेलं हवं.

गावाचा प्रश्न सगळ्यांना चालतो असं नाही. ज्यांचं गाव धरणात गेलं, किंवा भाऊबंदकीत सुटलं, त्यांचा चेहरा मिटतो. तसं दिसलं की विषय तिथेच सोडून स्वयंपाकावर या. "तुमच्या घरी पुरणपोळी कटाच्या आमटीबरोबर की दुधाबरोबर?" यावर मत नसलेला माणूस विरळा. नोकरीबद्दल विचारू नका. तिथे लोक मुलाखतीचा चेहरा लावतात. विनोदही सांगू नका. विनोदावर येणारं हसू मोठं आणि तोंड उघडं असतं, आणि विनोद पडला तर पुढची दहा मिनिटं गेली.

गप्प राहून मागच्या स्क्रीनकडे बघत "हम्म" करणं ही सूचनाच आहे, आणि वाईट सूचना आहे. समोरचा तिचा अर्थ "माझं काहीतरी चुकतंय" असाच लावतो. स्क्रीन बघायचीच असेल तर आधी सांगा: "उजेड बघतोय, तुमचं छान चाललंय."

तपासणी २: एक, दोन, तीन

उलटी किंवा सुलटी, मोजणी बंद करा. "एक"ला हसू येतं, "दोन"ला गोठतं, "तीन"ला फोटो निघतो. चेहऱ्यावरचं ठरवून आणलेलं हसू सेकंदभरच टिकतं, त्यानंतर गाल थरथरतात.

ग्रुपमध्ये मोजणी लागतेच, कारण सगळ्यांनी एकाच दिशेला बघायला हवं. तिथे असं करा: सगळ्यांना डोळे मिटायला सांगा, "उघडा" म्हणा आणि साधारण एका सेकंदाने फोटो घ्या. डोळे नुकतेच उघडलेले असल्याने लगेच पापणी लवण्याची शक्यता कमी असते, आणि डोळे मिटून उभं राहण्याची गंमत वाटून थोडं खरं हसूही येतं.

किती फोटो काढायचे, यावर ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या विज्ञान संशोधन संस्थेच्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी गणित मांडलं आणि त्यांना २००६ सालचं इग नोबेल, म्हणजे आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं, पण नियम कामाचा आहे. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने. बारा जण, छान उजेड, म्हणजे चार फोटो. एवढ्यात एक तरी सगळ्यांचे डोळे उघडे असलेला निघावा. घरगुती समारंभात त्यात दोन जास्तीचे धरा, कारण एक काका कायम दुसऱ्याच कॅमेऱ्याकडे बघत असतात.

तपासणी ३: तुमच्या पाठीमागे कोण उभं आहे

हे फोटोग्राफरला दिसत नाही, म्हणून राहून जातं. तुमच्या खांद्यामागून आई म्हणतेय, "अगं, हस की जरा", बहीण खुणेने केस मागे घ्यायला सांगतेय, आणि एक मामा मोबाईलवर तोच फोटो काढतायत. समोरच्या मुलीची नजर लेन्सवरून मामांवर, तिथून आईवर. डोळे चुकीच्या जागी असण्याचं हे एकमेव कारण असू शकतं.

नातेवाइकांना हाकलू नका, काम द्या. एकाला उजेड परतवायला पांढरा थर्माकोल धरायला लावा, एकीला चहाचं बघायला. मामांना पुढच्या खोलीत बॅग सांभाळायला पाठवा.

त्याच फेरीत आणखी चार गोष्टी: पंखा चालू आहे का, पाणी दिलंय का, बूट चावतायत का, वरचं बटण गळ्याला आवळतंय का. घट्ट कॉलर किंवा घट्ट बांधलेला फेटा असला की भुवया ओढल्यासारख्या दिसतात, आणि हे नंतर संगणकावरच्या दुरुस्तीत (रीटचमध्ये) काढता येत नाही. लग्नात फेट्याचे क्लोजअप बांधल्याबरोबर उरकावेत. दोन तासांनी कपाळ ठणकायला लागलेलं असतं.

नवरीच्या बाबतीत नथ तपासा. मोठ्या नथीचा खालचा मोती वरच्या ओठावर टेकतो. हसलं की ओठ वर जातो, मोती ढकलला जातो आणि नाक ओढलं जातं. नवरी दुखू नये म्हणून ओठ न हलवता हसते, आणि फोटोग्राफर समजतो की ती लाजतेय. दाबाची नथ असेल तर ती किंचित बाहेरच्या बाजूला सरकवून बघा. टोचलेल्या नाकातली असेल तर हात लावू नका, तिलाच सोयीची करायला सांगा. मुंडावळ्यांच्या लडींची सावली गालावर पडत असेल तर चेहरा उजेडाकडे वळवा. लड मागे खोचली की फोटोत ती विचित्र दिसते.

तपासणी ४: शरीर

चेहरा ताठ दिसतो तेव्हा बहुधा गुडघे ताठ असतात. खालून वर चला.

वजन मागच्या पायावर, पुढचा गुडघा मोकळा. बसलेल्या माणसाला खुर्चीच्या पुढच्या निम्म्या भागात बसवा. पाठ टेकली की पोट पुढे आणि मान आत जाते. कमरेतून किंचित लेन्सकडे झुकायला सांगा, पाठीचं कुबड करून नाही. मग खांदे कानांपर्यंत उचला आणि एकदम सोडा, असं दोनदा. तुम्हीही करून दाखवा, नाहीतर त्यांना कवायत वाटते.

हनुवटीसाठी "हनुवटी खाली" असं सांगितलं की ती मागे जाते आणि गळ्याला वळ्या पडतात. "कपाळ माझ्याकडे आणा" म्हणा. कपाळ दोन-तीन सेंटिमीटर पुढे आलं की जबड्याची रेघ आपोआप मोकळी होते. बाजूने ते हास्यास्पद दिसतं, समोरून छान दिसतं, आणि हे आधीच सांगून टाकावं.

श्वास रोखलेला आहे का बघा. जुन्या पिढीत ही सवय पक्की आहे आणि तिला कारण आहे. सुरुवातीच्या काळात, १८३९नंतरच्या डॅगेरोटाइपला, म्हणजे धातूच्या पत्र्यावरच्या फोटोला, उजेड टिपायला इतका वेळ लागायचा की डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावत. पुढे रोल आले तरी १२०च्या रोलवर चौकोनी फोटो बाराच बसत, म्हणून तालुक्याच्या स्टुडिओतही "हलू नका" हीच योग्य सूचना होती. आजोबा ती अजून पाळतायत. त्यांना "आता श्वास सोडा" म्हणा आणि श्वास सुटताना फोटो घ्या. खांदे त्याच वेळी खाली येतात.

हातांना वस्तू द्या, पण रोजची. त्यांचाच चष्मा, वहीपेन, चहाचा कप, शिवणाची कात्री. खास फोटोसाठी आणलेली गिटार कुणाच्याही हातात परकीच दिसते. वस्तू नसेल तर एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट सैल धरायला सांगा. बोटं एकमेकांत गुंतवली की घट्ट आवळली जातात.

चष्मा काढायला सांगू नका. रोज चष्मा लावणाऱ्याचे डोळे चष्म्याशिवाय हरवल्यासारखे दिसतात, आणि नाकावरचे ठसे बराच वेळ जात नाहीत. काचेवर चमक येत असेल तर चष्म्याच्या दांड्या कानावर थोड्या वर उचला. काचा किंचित खाली झुकतात आणि चमक निघून जाते.

तरुणांना एक जुना उपाय चालतो. फिलिप हॉल्समन हे छायाचित्रकार मोठमोठ्या लोकांना उडी मारायला लावत, कारण उडी मारताना लक्ष उडीकडे जातं आणि चेहरा सांभाळायचा राहून जातो. ताठरलेल्या विशीतल्या मुलाला तीन उड्या मारायला लावा आणि फोटो उडीनंतरचा घ्या. साठीच्या पुढे गुडघ्यांचा विचार करून हा उपाय वगळावा. आणि छायाचित्रकार योसुफ कार्श यांनी १९४१ साली ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांच्या तोंडातला सिगार काढून घेऊन जो रागीट चेहरा मिळवला, तो प्रयोग पाहुण्यांवर करून बघू नये.

तपासणी ५: उजेड

डोळे बारीक, भुवया जवळ, वरचा ओठ उचललेला: हे सूर्याकडे तोंड करून उभं केल्याचं लक्षण आहे. कितीही गप्पा मारल्या तरी ते जात नाही. माणसाला सावलीच्या कडेला आणा, जिथे सावली संपून ऊन सुरू होतं त्या रेषेच्या आत दोन पावलं, तोंड उजेडाकडे.

घरात असाल तर ट्यूबलाइट बंद करा आणि खिडकीपासून मीटर-दीड मीटरवर बसवा, खिडकी एका बाजूला समोरून तिरपी. सावलीच्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलचा दोन बाय तीन फुटी तुकडा धरा, साधारण हातभर अंतरावर. तो स्टेशनरीच्या दुकानात मिळतो आणि या कामात महागड्या रिफ्लेक्टरपेक्षा बरा, कारण चंदेरी रिफ्लेक्टरने डोळे पुन्हा दिपतात.

तपासणी ६: फ्लॅश आणि मिटलेले डोळे

एकाच माणसाचे डोळे दर वेळी मिटत असतील तर त्याला दोष देऊ नका. टीटीएल मोडमध्ये, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेरा स्वतः ठरवतो तेव्हा, मुख्य फ्लॅशच्या क्षणभर आधी एक बारीक फ्लॅश पडतो, ज्यावरून कॅमेरा उजेड मोजतो. काहींच्या पापण्या त्या पहिल्या फ्लॅशलाच मिटायला लागतात आणि मुख्य फ्लॅशला मिटलेल्या सापडतात. फ्लॅश मॅन्युअलवर घ्या, पूर्ण ताकदीच्या १/१६ पासून सुरू करा, दोन-तीन चाचण्यांत योग्य ताकद सापडते. मॅन्युअलमध्ये तो आधीचा फ्लॅश पडत नाही.

मेन्यूत जाऊन लाल डोळे टाळण्याची सोय बंद करा. तिचा आधीचा दिवा चमकला की लोकांना फोटो झाला असं वाटतं आणि ते चेहरा सोडून देतात. फोकसला मदत करणारा दिवाही बंद.

फ्लॅश पुन्हा भरायला वेळ लागत असेल, म्हणजे शिट्टी वाजत राहते आणि सगळे थांबलेत, तर पेन्सिल सेल बदला. चांगले रिचार्जेबल एनआयएमएच सेल, चारही एकाच वेळी घेतलेले आणि एकत्र चार्ज केलेले. एक जुना सेल उरलेल्या तिघांना खाली ओढतो. सात-आठ सेकंदांच्या त्या थांबण्यात कुठलंच हसू टिकत नाही.

तपासणी ७: अंतर, शटर, मोबाईल

नाक मोठं दिसणं हा लेन्सचा दोष नाही, अंतराचा आहे. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर धरा. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४२वर, म्हणजे नाक कानाच्या मानाने ४० टक्के मोठं उमटतं. ६० सेंटिमीटरवरून हाच फरक २० टक्के, दीड मीटरवरून ८ टक्के. म्हणून दीड ते दोन मीटर मागे या, आणि मग चौकट भरेल अशी लेन्स लावा. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ८५ एमएम, छोट्या सेन्सरवर ५० किंवा ५६. मोबाईलवर मागे जाऊन दोन किंवा तीन एक्स झूम. तीन मीटरच्या पुढे गेलात तर आवाज चढवावा लागतो आणि गप्पा संपतात, त्यामुळे लांबलचक झूमचा घरात फायदा नाही.

शटर: बोलणाऱ्या माणसाला १/२५० सेकंद, खळखळून हसणाऱ्याला आणि लहान मुलांना १/५००. १/६०ला डोळे शार्प आणि ओठ पुसट येतात, ज्यामुळे चेहरा कारण न कळता चुकल्यासारखा वाटतो. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. दाणे चालतात, हललेले ओठ चालत नाहीत.

अॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) पूर्ण उघडू नका; एफचा आकडा जितका लहान, तितकं ते मोठं. ८५ एमएमवर दीड मीटरवरून एफ १.८ला शार्प पट्टा, म्हणजे जेवढ्या खोलीत सगळं स्पष्ट येतं तो, जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा असतो. माणूस गप्पांत पुढे-मागे डोलतो तेवढ्यात डोळा पट्ट्याबाहेर जातो, मग तुम्ही "हलू नका" म्हणता आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. एफ ४ला हाच पट्टा सात-साडेसात सेंटिमीटरचा होतो आणि माणसाला मोकळं सोडता येतं.

आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर लाजऱ्या लोकांसाठी उत्तम, पण एलईडी आणि ट्यूबच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/१०० किंवा १/५० ठेवलं तर पट्टे जातात, पण ते शटर हसण्यासाठी संथ आहे. अशा वेळी साधं मेकॅनिकल शटर घ्या किंवा खिडकीशी या.

मोबाईलवाल्यांनी एक गोष्ट सर्वांत आधी करावी: ब्यूटी मोड बंद. तो त्वचा गुळगुळीत करताना डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या पुसतो, आणि हसू खरं असल्याची खूण तीच. समोरचा मनापासून हसलेला असतो, मोबाईल ते खोटं करून देतो. संगणकावर रीटच करतानाही तेच पथ्य: पुटकुळी काढा, डोळ्याकडच्या रेघांना हात लावू नका.

तपासणी ८: तुमचाच चेहरा कॅमेऱ्यामागे लपलाय का

लोक चेहऱ्याला प्रतिसाद देतात, काचेला देत नाहीत. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, डोळ्यांवर फोकस ठेवण्याची सोय चालू करा, रिमोट हातात घ्या आणि लेन्सला अगदी चिकटून बाजूला उभे राहा. छायाचित्रकार रिचर्ड अॅवेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या माणसांची छायाचित्रं मोठ्या ८ बाय १० इंची कॅमेऱ्यावर काढली, तेव्हा ते कॅमेऱ्याच्या बाजूलाच उभे असत. तुम्ही लेन्सपासून फूटभर जरी लांब गेलात तरी नजर दुसरीकडे चाललेली फोटोत कळते. कधी ते हवं असतं, पण ठरवून हवं.

नजर शिळी झाली असेल तर: "खिडकीबाहेर बघा, मी हाक मारली की वळा." वळून डोळे लेन्सवर येतात तो पहिला अर्धा सेकंद घ्या, नंतरचा सोडा.

तपासणी ९: वेळ

पहिल्या दहा मिनिटांचे फोटो निकालात धरू नका, पण कॅमेरा मात्र वर असू द्या, नाहीतर दहा मिनिटांनंतर तोच ताठरपणा नव्याने सुरू होतो. मोठ्या माणसाला चाळीस मिनिटं, लहान मुलाला पंधरा-वीस. "झालं फोटोचं" असं खोटं सांगून चोरून काढू नका. "तुम्ही बोला, मी अधूनमधून काढत राहीन" हे खरं सांगूनही तितकंच काम होतं, आणि पुढच्या वेळी माणूस सावध बसत नाही.

"ही मी वाटतच नाही"

फोटो तुम्हाला, नवऱ्याला, मुलांना आवडलाय आणि फक्त त्यांनाच नाही, तर फोटो आडवा उलटवून दाखवा. माणूस स्वतःला आयुष्यभर आरशात बघतो, म्हणजे उलटं. भांग दुसऱ्या बाजूला गेला, एक भुवई जरा वर दिसली की चेहरा परका वाटतो. अमेरिकेत १९७७ साली झालेल्या एका अभ्यासात लोकांना स्वतःची आरशातली प्रतिमा आणि त्यांच्या मित्रांना खरी प्रतिमा जास्त आवडल्याचं दिसलं होतं. उलटवलेला आवडला तर दोष काहीच नाही. छापायला मात्र सरळच द्या. साडीचा पदर उजवीकडे गेलेला आणि शर्टाची बटणं उलटी झालेली कुणीतरी ओळखतंच.

कुठे थांबायचं, कुणाकडे जायचं

जागा, उजेड आणि बोलणं तिन्ही बदलून अर्धा तास झाला आणि काहीच हललं नाही, तर त्या दिवशी बंद करा. माणूस "नको" म्हणतोय, किंवा घरच्यांच्या आग्रहाखातर बसलाय, तर हा फोटोग्राफीचा बिघाडच नाही. कुणी दात दिसू नयेत म्हणून ओठ मिटून हसत असेल तर तेच त्यांचं हसू आहे, तसंच काढा.

चेहऱ्याची एक बाजू आधीपासून कमी हलते असं दिसलं तर कारण विचारू नका, "कुठली बाजू कॅमेऱ्याकडे ठेवू?" एवढंच विचारा. पण मघापर्यंत नीट हसणाऱ्या माणसाचं तोंड अचानक एका बाजूला ओघळलं, हात उचलेना किंवा बोलणं जड झालं, तर कॅमेरा खाली ठेवा आणि १०८ला फोन करा. पक्षाघात असू शकतो, तिथे मिनिटं मोलाची असतात. लिंबूपाणी पाजत बसू नका. ज्यांना फिट्स येतात त्यांच्यावर लागोपाठ फ्लॅश मारायचा नाही, हे बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा.

फ्लॅश पेटत नसेल आणि नवे सेल घालूनही शिट्टी वाजत नसेल तर तो उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि सेल काढल्यावरही तो टिकून राहतो. दुरुस्तीवाल्याकडेच द्या. घरातला जुना, फिल्मच्या काळातला फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर लावण्याआधी त्याच्या पायाशी किती व्होल्ट येतात ते दुरुस्तीवाल्याकडूनच मोजून घ्या. काही जुन्या फ्लॅशनी कॅमेऱ्याचं सर्किट जातं.

फोकस कायम डोळ्याऐवजी कानावर किंवा नाकावर जात असेल तर ट्रायपॉडवरून ही चाचणी करा: सेंटिमीटरची पट्टी ४५ अंशांत तिरपी, तिच्या शून्याशेजारी एक उभा पुठ्ठा, त्यावर फोकस. दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा घ्यायचा, असे दहा फोटो. सगळे एकाच दिशेला तेवढेच चुकत असतील तर डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) मेन्यूतल्या फोकसच्या बारीक जुळवणीने काम होतं. कधी पुढे, कधी मागे असं होत असेल, किंवा मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) हे घडत असेल, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या. बॉडी आणि लेन्स दोन्ही सोबत, आणि ते दहाही फोटो पेन ड्राइव्हवर. नुसती लेन्स दिली तर ती "तपासली, ठीक आहे" अशा चिठ्ठीसह परत येते.